यिर्मया संदेष्टा आणि यरुशलेमेचा पाडाव



गांवावर संकट येणार असें ज्याला आधीं समजतें, त्याचें जिणें सुखाचें नसतें. तो सांगतो तेव्हां लोक हंसतात. तो आग्रह धरितो तेव्हां लोक रागावतात. आणि संकट खरोखर आलें म्हणजे त्याचा दोषहि त्याच्याच माथीं मारितात. यहूदा देशांत यिर्मया नांवाच्या मनुष्यानें अशा स्थितींत चाळीस वर्षें काढिलीं. यरुशलेम नगरी इ. स. पूर्वी ५८७ अथवा ५८६ या वर्षीं बाबेलच्या सैन्यानें जाळिली. ती कां पडली, हें या संदेष्ट्याच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कोठेंहि दिसत नाहीं. म्हणून त्याचें चरित्र व त्या नगरीचा शेवट हीं दोन्ही येथें एकत्र सांगण्याचें योजिलें आहे.

यिर्मयाचा जन्म यरुशलेमेच्या ईशान्येस सुमारें तीन मैलांवर असलेल्या अनाथोथ नांवाच्या खेड्यांत झाला. तें याजकांचें गांव होतें, आणि त्याचा बाप हिल्कीया हाहि याजक होता. खेड्यांत वाढल्यामुळें त्याच्या बोलण्यांत बदामाची डहाळी, कुंभाराचें चाक, अंजिरांच्या टोपल्या, गळके हौद, ऋतु ओळखून येणारे पक्षी, असे दाखले वारंवार येतात. योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वी ६२७ च्या सुमारास, देवानें त्याला पाचारण केलें. आपण अजून लहान आहों, आपणांस बोलतां येत नाहीं, अशी सबब त्यानें सांगितली; परंतु देवानें ती मान्य केली नाहीं. पुढें लग्न करण्याचीहि त्याला मनाई झाली. ज्या नगरींतील मुलेंबाळें तरवारीस व दुष्काळास बळी पडणार, तेथें त्याचें एकटेंपण हीच लोकांना एक खूण होती.

योशीया राजा सदाचरणी होता. त्याच्या अठराव्या वर्षीं मंदिराची डागडुजी चालली असतां नियमशास्त्राचें पुस्तक सांपडलें, आणि तें ऐकून राजानें आपलीं वस्त्रें फाडिलीं. त्यानें देशांतील मूर्ति मोडिल्या, वल्हांडण सण पाळविला, आणि हिन्नोमाच्या खोऱ्यांत जेथें लोक आपलीं लेंकरें अग्नींत अर्पण करीत असत ती जागा भ्रष्ट करून टाकिली. परंतु राजाच्या हुकुमानें वेद्या पडल्या तरी माणसांचीं मनें पालटलीं नाहींत. इ. स. पूर्वी ६०९ मध्यें मगिद्दो येथें मिसराचा राजा नखो याच्याशीं लढतांना योशीया मारला गेला. यिर्मयानें त्याच्यासाठीं विलापगीत रचिलें. आणि लोक पुन्हा जुन्या वाटेला लागले.

मिसराच्या राजानें योशीयाचा मुलगा यहोयाकीम याला गादीवर बसविलें व देशावर मोठा दंड लादिला. तो भरण्यासाठीं यहोयाकीमानें प्रजेवर कर बसविला. स्वतःसाठीं मात्र तो गंधसरूच्या लांकडाचा व हिंगुळानें रंगविलेला प्रशस्त वाडा बांधूं लागला, आणि मजुरांना त्यानें मजुरी दिली नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं वेठ केली आहे त्यांना या गोष्टीचें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. यिर्मयानें राजाला बजाविलें कीं, भारी लांकूड वापरल्यानें कोणी राजा होत नाहीं; त्याच्या बापानें गरीब व दीन यांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणें म्हणतात तें हेंच.

तरीहि यरुशलेमेच्या लोकांना भीति वाटत नव्हती. इ. स. पूर्वी ७०१ मध्यें अश्शूराचा राजा सन्हेरीब यहूदाचीं तटबंदीचीं नगरें घेत घेत यरुशलेमेपर्यंत आला होता. त्या समयीं हिज्कीया राजानें देवाचा धांवा केला आणि नगरी वांचली. पुढील पिढ्यांनीं हिज्कीयाचा विश्वास टाकून दिला व सुटकेची आठवण तेवढी जपून ठेविली. मंदिर आपल्या नगरींत आहे, तेव्हां तिला कोणी हात लावणार नाहीं, असें ते मानूं लागले. देवाच्या मंदिराचा त्यांनीं जणूं ताईत करून गळ्यांत बांधिला.

यहोयाकीमाच्या कारकीर्दीच्या आरंभीं यिर्मया मंदिराच्या अंगणांत उभा राहिला व उपासनेस आलेल्या लोकांशीं बोलूं लागला. चोरी, खून, व्यभिचार व खोटी शपथ हीं सर्व करावीं, आणि मग या घरांत येऊन आपण सुरक्षित आहों असें म्हणावें, म्हणजे देवाच्या घराला चोरांनीं दडून बसण्याची जागा करणें होय, असें त्यानें सांगितलें. परदेशी, पोरका व विधवा यांच्यावर जुलूम करणें सोडिलें तर ते या देशांत राहतील. नाहीं तर त्यांनीं शिलोला जाऊन पाहावें. पूर्वीं देवाचा निवासमंडप तेथें होता. आतां तेथें ओसाडी होती.

हें ऐकतांच याजकांनीं व इतर संदेष्ट्यांनीं त्याला धरिलें आणि त्याच्या मरणाची मागणी केली. यिर्मयानें आपला शब्द मागें घेतला नाहीं व आपला जीवहि वांचवूं पाहिला नाहीं. तेव्हां कांहीं वडील लोकांनीं सांगितलें कीं, हिज्कीयाच्या काळीं मीखा संदेष्ट्यानें असेंच भविष्य सांगितलें होतें, आणि त्या राजानें त्याला न मारितां पश्चात्ताप केला होता. शाफानाचा मुलगा अहीकाम यानें यिर्मयाची पाठ राखिली. परंतु असाच संदेश देणारा उरीया नांवाचा संदेष्टा मिसरांत पळून गेला असतां राजानें त्याला तेथून पकडून आणविलें व ठार मारविलें.

इ. स. पूर्वी ६०५ मध्यें कर्कमीश येथें बाबेलच्या नबुखद्रेस्सरानें मिसराच्या सैन्याचा मोड केला. त्याच वर्षीं देवाच्या आज्ञेवरून यिर्मयानें आपले सर्व संदेश नेरीयाचा मुलगा बारूख याला सांगितले, व बारूखानें ते शाईनें एका पटावर लिहून काढिले. पुढील वर्षीं उपासाच्या दिवशीं शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलींतून बारूखानें तो पट सर्व लोकांना वाचून दाखविला. सरदारांनीं तो ऐकिला तेव्हां ते भयभीत झाले, आणि यिर्मया व बारूख यांनीं लपून बसावें असें त्यांनीं सांगितलें. नंतर पट राजापुढें नेला. तो थंडीचा महिना होता. राजा आपल्या हिवाळ्याच्या घरांत शेगडीसमोर बसला होता. वाचणाऱ्यानें तीन चार रकाने वाचावे, कीं राजानें ते चाकूनें कापून विस्तवांत टाकावे, असें करितां करितां सगळा पट जळून गेला. एलनाथान, दलाया व गमऱ्या या तिघांनीं पट जाळूं नये म्हणून विनंति केली. राजानें ती ऐकिली नाहीं. योशीयानें शास्त्र ऐकून वस्त्रें फाडिलीं होतीं. त्याच्या मुलानें शास्त्रच फाडिलें. परंतु यिर्मयानें दुसरा पट घेतला, बारूखानें तें सर्व पुन्हा लिहिलें, आणि त्यांत आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

यहोयाकीमानें बाबेलशीं बंड केलें व तो मेला. त्याच्या अठरा वर्षांच्या यहोयाखीन नांवाच्या मुलाला तीन महिन्यांतच शरण जावें लागलें. इ. स. पूर्वी ५९७ मध्यें नबुखद्रेस्सरानें राजा, सरदार, योद्धे, कारागीर व लोहार यांना बंदिवान करून नेलें, मंदिरांतील भांडारें लुटिलीं, आणि यहोयाखीनाचा चुलता सिद्कीया याला गादीवर बसविलें. बंदिवासांत गेलेल्यांना यिर्मयानें पत्र पाठविलें. त्यांनीं तेथें घरें बांधावीं, बागा लावाव्या, मुलांचीं लग्नें करावीं, आणि ज्या शहरांत ते नेले गेले त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करावी. सत्तर वर्षें भरल्यावर देव त्यांना परत आणील, असें त्यांत होतें. देव मंदिराच्या भिंतींत कोंडलेला नसून परक्या भूमींतहि प्रार्थना ऐकतो, ही केवढी मोठी शिकवण त्या पत्रांत होती!

पुढें यिर्मयानें आपल्या मानेवर लांकडी जूं घालून बाबेलच्या जुवाखालीं राहण्याची देवाची आज्ञा लोकांना कळविली. तेव्हां अज्जूराचा मुलगा हनन्या यानें मंदिरांत सर्वांदेखत तें जूं मोडिलें, आणि दोन वर्षांच्या आंत सर्व बंदिवान व मंदिरांतील पात्रें परत येतील असें भविष्य सांगितलें. यिर्मयानें प्रथम आमेन म्हटलें, कारण तें खरें व्हावें अशी त्याचीहि इच्छा होती. त्याला आपल्या लोकांचा नाश बघावयाचा नव्हता. परंतु देवानें त्याला पुन्हा पाठविलें, आणि हनन्यानें लांकडाचें जूं मोडून लोकांसाठीं लोखंडाचें तयार केलें आहे असें त्याला सांगावें लागलें. हनन्या त्याच वर्षीं मरण पावला.

सिद्कीया हा दुष्टापेक्षां दुर्बळ राजा होता. संदेष्ट्याचें ऐकावें असें त्याला वाटे, पण सरदारांचें भय वाटे. अखेर मिसराच्या भरंवशावर त्यानें बंड केलें, आणि त्याच्या नवव्या वर्षाच्या दहाव्या महिन्यांत बाबेलच्या सैन्यानें नगरीला वेढा घातला. देशांत आतां यरुशलेमेशिवाय लाखीश व अजेका हींच दोन तटबंदीचीं नगरें उरलीं होतीं, असें यिर्मयाच्या पुस्तकांत लिहिलें आहे. इ. स. १९३५ मध्यें लाखीशाच्या वेशीपाशीं खोदतांना खापरांवर शाईनें लिहिलेलीं त्या काळचीं पत्रें सांपडलीं. त्यांतील एका पत्रांत चौकीवरचा मनुष्य आपल्या अधिकाऱ्याला कळवितो कीं, ते लाखीशाच्या खुणेच्या जाळाकडे लक्ष ठेवून आहेत, कारण अजेकाची खूण त्यांना दिसत नाहीं.

वेढा पडलेला असतां नगरींत एक गोष्ट घडली. तिच्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. कर्जापायीं गुलाम झालेल्या इब्री बांधवाला सहा वर्षांच्या चाकरीनंतर सातव्या वर्षीं सोडावें, अशी नियमशास्त्राची आज्ञा होती. श्रीमंत लोक ती पाळीत नसत. शत्रु वेशीशीं आला तेव्हां त्यांना देवाची आठवण झाली. राजा, सरदार व सर्व लोक यांनीं मंदिरांत वासरूं कापून त्याच्या दोन भागांमधून जाऊन करार केला, आणि आपले दास व दासी यांना मोकळें सोडिलें. गरिबांच्या घरीं त्या दिवशीं केवढा आनंद झाला असेल! इतक्यांत मिसराचें सैन्य येत असल्याची बातमी आली, आणि त्याच्याशीं लढण्यास बाबेलचें सैन्य वेढा उठवून गेलें. धोका टळला असें दिसतांच त्याच मालकांनीं त्याच माणसांना पुन्हा धरून आणिलें व गुलाम केलें. यिर्मयानें त्यांना सांगितलें कीं, त्यांनीं भावांना मोकळीक दिली नाहीं, म्हणून देव आतां त्यांनाच मोकळें सोडीत आहे. परंतु तें तरवार, मरी व दुष्काळ यांच्या हातीं. मिसराचें सैन्य परत गेलें, आणि वेढा पुन्हा पडला.

यिर्मयाला फितुरीच्या आरोपावरून धरून मारहाण केली व कोंडून ठेविलें. राजानें त्याला चोरून बोलावून विचारिलें, आणि पुढें चौकीच्या अंगणांत ठेवून रोज एक भाकर देवविली. तेथें त्याचा चुलतभाऊ हनामेल आला व अनाथोथ येथील आपलें शेत त्यानें विकत घ्यावें असें म्हणूं लागला. तें शेत त्या वेळीं शत्रूच्या ताब्यांतील मुलखांत होतें, आणि घेणारा कैदेंत होता! असा व्यवहार कोणता शहाणा शेतकरी करील? परंतु यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहोर केलेलें व उघडें अशीं दोन्ही खरेदीखतें पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून बारूखाकडून मातीच्या मडक्यांत ठेवविलीं. या देशांत घरें, शेतें व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असें देवानें त्याला सांगितलें होतें. जो नगरीच्या नाशाचें भविष्य सांगत होता, त्यानेंच तिच्या भावी दिवसांवर आपले पैसे लाविले.

सरदारांना हेंहि सोसवेना. त्याच्या बोलण्यानें शिपायांचे हात गळतात असें म्हणून त्यांनीं त्याला दोरांनीं एका हौदांत सोडिलें. त्यांत पाणी नव्हतें, चिखल होता, आणि यिर्मया चिखलांत रुतला. त्या वेळीं त्याच्या जातीचा व देशाचा कोणीहि पुढें आला नाहीं. राजवाड्यांतील एबद-मलेख नांवाचा कूशी चाकर, परक्या देशाचा मनुष्य, राजापाशीं गेला व त्यानें उघडपणें विनंति केली. राजानें तीस माणसें बरोबर दिलीं. एबद-मलेखानें जुने फाटके कपडे आणून हौदांत सोडिले व दोर काचूं नयेत म्हणून ते बगलेखालीं घालण्यास सांगितलें; मग त्याला वर ओढून काढिलें. एवढ्या मोठ्या संकटांतहि दुसऱ्याच्या बगला सोलूं नयेत याची काळजी त्यानें घेतली. नगरी पडेल तेव्हां त्याचा जीव वांचेल असें वचन देवानें त्याला दिलें.

राजानें यिर्मयाला शेवटचें एकदां गुप्तपणें विचारिलें. बाबेलच्या सरदारांना शरण गेल्यास तो व त्याचें घराणें वांचेल व नगरी जळणार नाहीं, हेंच उत्तर मिळालें. पण आधीं शत्रूकडे गेलेले यहूदी आपली थट्टा करितील, या भयानें सिद्कीया गेला नाहीं. त्याच्या अकराव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यांत, अन्न अगदीं संपलें असतां, तटाला खिंडार पडलें. राजा रात्रीं पळाला. यरीहोच्या मैदानांत त्याला पकडिलें. रिब्ला येथें त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारिलें, मग त्याचे डोळे फोडिले, आणि बेड्या घालून त्याला बाबेलास नेलें. पांचव्या महिन्यांत नबूजरदान नांवाच्या सरदारानें मंदिर, राजवाडा व घरें जाळिलीं व तट पाडिले. अगदीं कंगाल लोक तेवढे मागें ठेवून त्यांना द्राक्षमळे व शेतें दिलीं. ज्यांना मालकांनीं मोकळीक नाकारिली होती, तसल्या गरिबांना शत्रूच्या हातून जमीन मिळाली!

बाबेलास आल्यास चांगलें वागवूं, असें नबूजरदानानें यिर्मयाला सांगितलें. तो गेला नाहीं. उरलेल्या गरिबांबरोबर मिस्पा येथें राहिला. अहीकामाचा मुलगा गदल्या हा तेथें अधिकारी होता. त्याला इश्माएल नांवाच्या राजवंशीयानें जेवणाच्या वेळीं दगा देऊन मारिलें. घाबरलेल्या लोकांनीं यिर्मयाला देवाची इच्छा विचारिली, व दहा दिवसांनीं ती कळल्यावर मानिली नाहीं. ते त्याला व बारूखाला बरोबर घेऊन मिसरांत तहपन्हेस येथें गेले. तेथेंहि तो त्यांना मूर्तिपूजेविषयीं इशारा देत राहिला. त्याच्या मरणाची हकीकत शास्त्रांत नाहीं.

वाचकहो, या नगरीचा पाडाव बाबेलच्या सैन्यानें केला खरा; परंतु तिचा पाया आधींच पोखरला होता. मजुराची बुडविलेली मजुरी, विधवेवरचा जुलूम, भावाला दिलेलें व मोडलेलें वचन, यांनीं तो पोखरला. आपल्या गांवीं प्रार्थनामंदिर आहे, आपलें नांव मंडळीच्या पुस्तकांत आहे, आपल्या वडिलांनीं विश्वासासाठीं छळ सोसला, या गोष्टी मोठ्या आहेत. परंतु त्यांचा ताईत करूं नये. दुखण्यांत किंवा दुष्काळांत केलेला नवस पाऊस पडतांच विसरणारे आपण कितीजण आहों, याचा प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचार करावा.

उपदेशक बंधूंना आणखी एक सांगणें आहे. हनन्याचा संदेश गोड होता व त्याला पुष्कळ ऐकणारे मिळाले. यिर्मयाचा संदेश कडू होता. पण तो सांगतांना त्याच्या डोळ्यांत पाणी असे. जो लोकांवर प्रीति न करितां त्यांचे दोष काढितो तो यिर्मयाचा शिष्य नव्हे. आणि जो लोकांच्या भीतीनें दोष झांकितो तोहि नव्हे.

देवाचें वचन मात्र पडलें नाहीं. इ. स. पूर्वी ५३९ मध्यें बाबेलच कोरेश राजाच्या हातीं गेलें. बंदिवान परत आले, आणि यहूदांत शेतें पुन्हा विकत घेतलीं जाऊं लागलीं. इ. स. १९८२ मध्यें यरुशलेमेच्या जुन्या भागांत खोदतांना त्या नाशाच्या वेळीं जळालेल्या एका घरांत मातीच्या पन्नासांवर लहान मोहोरा सांपडल्या. ज्या कागदपत्रांना त्या लाविल्या होत्या ते जळून गेले. पण त्याच आगींत माती भाजून पक्की झाली. त्यांतील एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या असें नांव आहे. पट जाळूं नये म्हणून ज्यानें राजाला विनविलें तोच हा गमऱ्या, असें पुष्कळ विद्वान मानितात. राजानें पट जाळिला, आणि पुढें राजवाडाहि जळाला. पण पट वांचविण्यासाठीं बोललेल्याचें नांव त्या आगीनेंच राखून ठेविलें. संकटाच्या दिवशीं आपण कोणाच्या बाजूनें बोललों, हें देवापुढें असेंच राहतें.